काचेतला डावा

बाबा नौपाड्यातल्या दुकानात सत्तावीस वर्षं
लोकांच्या पायांशी बसले.
मापाची फळी, उतरतं स्टूल,
टाच आत सरकवायचा पत्र्याचा चमचा.
घरी मात्र बोलायचे ते काचेबद्दल.

काचेत प्रत्येक जोडातला एकच ठेवतात. डावा.
उजवा खोक्यात, पोटात कागदाचा बोळा घेऊन,
कारखान्यातून आला तसा, साध्या फुल्याफुल्यांत.
डाव्याच्या लेस बाबा ओवायचे,
शटर अर्धं वर असताना, चहा यायच्या आत.

शिडी : दोन्ही कडांनी चढत जायचं,
प्रत्येक पायरीला उभ्या दोरीखालून एकदा डोकं काढायचं.
रूळ : सगळ्या आडव्या, गाठ आत, जिभेखाली.
जाळीला लेस लांब लागते,
नाहीतर वर पोचेपर्यंत गाठीला काही उरत नाही
(हे वाक्य ते पगाराबद्दलही वापरायचे).
एकदा निळी आणि केशरी घेऊन
एका लेसनं दुसरीत विणत विणत त्यांनी पट काढला, बुद्धिबळाचा.
वीरजीशेठ चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
मोरजकर, आपण बूट विकतो की सतरंज्या?
तासाभरात तो जोड गेला.
दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत :
एक पाय नवरदेव, एक वऱ्हाडी!
बाबांनी उजवा उभ्याउभ्याच ओवून दिला,
न बघता, पाणीकपातीवर बोलत.

आता त्यांचा उजवा हात मांडीवर असतो
कुणी सांभाळायला देऊन गेलेल्या पिशवीसारखा.
जीभही जड. 'दुकान' म्हणायचं तर
'दु'पाशीच शटर पडतं.
कळव्याच्या ओपीडीत एक मुलगी, ईशानी नाव तिचं,
त्यांच्यापुढे फळी ठेवते, आठ भोकांची,
वर रंगवलेला पिवळा बूट.
काका, खालून वर काढायची हं दोरी, अश्शी.
बाबा तिच्याकडे बघतात.
मला वाटतं, सांगावं तिला. सांगत नाही.
बाबा पहिल्याच भोकाला चुकतात
आणि ती म्हणते, व्हेरी गुड.

घरी आल्यावर मी माझे कॅनव्हासचे काढले.
खरं सांगायचं तर मला गाठ धड येत नाही,
शाळेत होते तोवर तेच बांधायचे,
नंतर मी सँडल घेतले, मग नुसते पाय सरकवायचे बूट,
चपलाच चपला.
त्यांनी माझ्याकडून लेसच्या एका टोकाला निरगाठ मारून घेतली.
सुरगाठीला दोन हात लागतात.
निरगाठीला, वेळ आली तर, दात चालतात.
गाठ सगळ्यात खालच्या भोकात, आतून, अडकून बसली.
मग एकच दोर निघाला,
डाव्या हाताचा, थरथरत, नागमोडी,
या कडेहून त्या कडेला,
मध्ये दोनदा टोकाची नळी उसवली,
काडी पेटवून मी ती वितळवली, चिमटीत दाबली, बोट भाजलं.
ते थांबले नाहीत. थांबले ते पाचव्या भोकाला :
सरळ जायचं सोडून
मागच्या दोराखालून एक वेढा काढला.
गरज नव्हती त्याची.
बूट त्याच्याशिवायही बसला असता पायात.

आणखी एक वेढा. आणखी एक.
शेवटचं टोक त्यांनी दोराखाली खुपसलं,
गाठ नाही, फूल नाही, काही लोंबत नाही.
सव्वा तास लागला. दुधाचं भांडं गॅसवर करपलं.

उजवा तसाच पडला होता, भोकं उघडी टाकून.
मी तो पुढे केला, तर मान हलली : नाही.
भुवईनं दाखवलं, खिडकी.
तिसरा मजला, खारेगाव, खाली रिक्षांची रांग,
इतक्या वर बघतंय कोण?
तरी ठेवला मी डावा कट्ट्यावर, जाळीच्या आत.
ते खुर्चीतून डोळे बारीक करून बघत राहिले.
बोटानं, जरा तिरका.
नाक रस्त्याकडे.
अजून.
बस.